एकच नदी, एकच डोह. तरी माशांच्या जाती वेगळ्या कशा राहतात?

इंद्रायणी आणि पवना या नद्यांचे नाव निघाले की पिंपरी-चिंचवडकरांच्या डोळ्यांसमोर आज जलपर्णी, सांडपाणी आणि आळंदीच्या पात्रावरील पांढरा फेस उभा राहतो. याच नद्यांच्या माशांनी एके काळी जगाच्या प्राणिशास्त्रात स्थान मिळविले होते, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील माशांची जी नोंद १८३९ मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेल्या एका विलक्षण माशाचे वर्णन आहे. त्याचे ठिकाण दिले आहे पुण्याच्या उत्तरेस १८ मैलांवर, इंद्रायणी नदीत. म्हणजे आजच्या चाकणच्या बाजूला. साइक्स यांनी त्याला नाव दिले ‘नुक्ता’.

साइक्स यांची एक सवय मराठी वाचकाला सुखावणारी आहे. इतर युरोपीय संशोधकांप्रमाणे प्रत्येक मासा लॅटिन वा ग्रीक शब्दांत बसविण्याऐवजी त्यांनी स्थानिक नावेच शास्त्रीय नावांत घेतली. खुद्री, मुल्ल्या, कोळस, बोगट, फुलुंगी, बालुकी अशी नावे आज जगभरच्या संग्रहालयांतील बरण्यांवर आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. एकमेकांशी बरेच साम्य असलेल्या माशांना नदीकाठचे लोक वेगवेगळ्या नावांनी ओळखत होते आणि शास्त्रज्ञांनीही त्यांतील बहुतेकांना स्वतंत्र जाती म्हणून मान्यता दिली. जाळ्यात एकत्र येणारे हे मासे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत मिसळून गेले नव्हते. एकाच पाण्यात राहून त्यांनी ही अलिप्तता कशी राखली?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. इंद्रायणीच्या उगमाजवळ लोणावळ्यात वाढविलेल्या माशांमुळे हा प्रश्न कावेरीपर्यंत कसा पोचला, ते पुढे येईल.

माशांची अडचण

पशुपक्ष्यांमध्ये नर-मादीचा प्रत्यक्ष संयोग व्हावा लागतो. बहुतेक माशांमध्ये तसे नसते. मादी पाण्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्ररस सोडतो आणि फलन उघड्या पाण्यात होते. अशा वेळी शेजारीच दुसऱ्या जातीचे नर-मादी वीण करीत असतील, तर एकाचे शुक्रजंतू दुसऱ्याच्या अंड्यांपर्यंत वाहत जाण्याची शक्यता असते. त्यामुळे कशेरुकी प्राण्यांत आंतरजातीय संकराची उदाहरणे माशांमध्ये विशेष प्रमाणात सापडतात.

मात्र येथे एक नैसर्गिक मर्यादा आहे. रोहू, कटला यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांचे शुक्रजंतू पाण्यात पडताच सक्रिय होतात आणि जेमतेम अर्धा ते एक मिनिट पोहू शकतात. फलन व्हायचे ते या वेळातच. म्हणून नर-मादीने अगदी एकाच क्षणी, अगदी जवळजवळ असणे आवश्यक ठरते. पाठलाग, अंगाला अंग घासणे, ठरावीक जागी फेऱ्या घालणे हा सारा खटाटोप त्यासाठी असतो. दोन जातींच्या वेळेत थोडा आणि जागेत काही हातांचा फरक पडला, तरी संकर टळू शकतो.

जागेचे आणि वेळेचे कुंपण

पहिले कुंपण जागेचे. ‘एकच नदी’ असे आपण सहज म्हणतो. माशांच्या दृष्टीने ती अनेक वस्त्यांची मिळून झालेली असते. मुल्ल्या हा छोटा मासा हनुवटीखालच्या चकतीने खडकाला धरून राहतो, त्यामुळे खळाळत्या प्रवाहातही तो वाहून जात नाही. चालटांसारखे चंदेरी मासे पाण्याच्या वरच्या थरात थव्याने फिरतात. शिंगाळे तळाशी असतात. महसीर, म्हणजे आपल्याकडचा खडस, एरवी खोल डोहात राहतो. विणीला मात्र त्याला वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी आणि गोट्या-वाळूचा तळ लागतो. जवळच्या नात्यातील दोन जाती एकाच डोहात चरत असल्या, तरी अंडी घालायला एक रेताड उथळात आणि दुसरी काठच्या वनस्पतींत जात असेल, तर त्यांची गाठ विणीच्या वेळी पडत नाही.

दुसरे कुंपण वेळेचे. मावळातील जुन्या माणसांना ‘चढणीचे मासे’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. मृगाचा पाऊस पडून ओढे वाहू लागले की नदीतील मासे प्रवाहाविरुद्ध चढून ओढ्यांत, भातखाचरांत शिरतात आणि तेथे अंडी घालतात. हे सगळे मासे एकाच दिवशी चढत नाहीत. कोणाला पहिला गढूळ लोंढा हवा असतो, कोणी पाणी जरा निवळण्याची वाट पाहतो. रोहू, कटला, मृगळ पावसाळ्याच्या ऐन भरात, पुराने पसरलेल्या उथळ पाण्यात अंडी घालतात. खडसाची वीण लोणावळ्याकडे साधारण जुलैपासून सप्टेंबरपर्यंत चालते. पाण्याचे तापमान, प्रवाहाचा वेग, गढूळपणा, दिवसाची लांबी हे त्यांचे पंचांग आहे.

धरण बांधले की या दोन्ही कुंपणांवर घाव पडतो. प्रवाह थांबतो, पुराची वेळ दरवाजे उघडणाऱ्यांच्या हाती जाते आणि वरच्या ओढ्यांची वाट बंद होते. अनेक जातींना उरलेल्या थोड्याच जागी, थोड्याच दिवसांत विणीला यावे लागते. पवना धरण १९७२ मध्ये पूर्ण झाले; इंद्रायणीच्या वरच्या भागातील वळवण धरण त्याहून कितीतरी जुने, खोपोलीच्या वीजनिर्मितीसाठी बांधलेले. त्याशिवाय दोन्ही नद्यांवर ठिकठिकाणी बंधारे आहेत. उद्योगांना आणि शहराला पाणी लागते, हे खरेच आहे. माशांचे पंचांग त्यात बसत नाही, हेही तितकेच खरे.

रंग, वास आणि गढूळ पाणी

जागा एक, वेळही एक. तरीही संकर होत नाही, अशी उदाहरणे आहेत. तेथे निवड कामाला येते आणि ती बहुधा मादी करते.

याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराचे आहे. तेथे सिक्लिड कुळातील शेकडो जाती आहेत. त्यांतील दोन जवळच्या जातींपैकी एकीचा नर निळसर, तर दुसरीचा तांबडा असतो. माद्या रंग पाहून आपल्या जातीचा नर निवडतात. ओले झेहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले की, पाणी स्वच्छ आहे तेथे या जाती स्पष्टपणे वेगळ्या राहतात; शेतीतून व वस्तीतून आलेल्या द्रव्यांमुळे पाणी गढूळ झाले आहे तेथे नरांचे रंग फिके पडतात, जातींची विविधता घटते. प्रयोगशाळेत रंग ओळखूच येणार नाहीत असा प्रकाश टाकला, तेव्हा माद्यांनी दोन्ही जातींच्या नरांना सारखाच प्रतिसाद दिला. त्या माशांच्या अंड्यांत वा शुक्रजंतूंत कसलाही अडथळा नव्हता. दोन जातींना वेगळे ठेवणारी मुख्य गोष्ट होती पाण्याची पारदर्शकता.

वासाचेही तसेच. मेक्सिकोतील ओढ्यांत राहणाऱ्या तलवारशेपट्या माशांच्या माद्या आपल्या व शेजारच्या जातीच्या नरांतील फरक वासावरून ओळखतात. पाण्यात ह्यूमिक आम्ल वाढले की त्यांना हा फरक कळेनासा होतो, असे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. कुजणाऱ्या पालापाचोळ्यातून हे द्रव्य निसर्गतः तयार होते. सांडपाणी आणि शेतातून वाहून येणारे पाणी त्यात भर घालते. पिंपरी-चिंचवडमधून वाहणाऱ्या पवनेचे उन्हाळ्यातील पाणी ज्यांनी पाहिले आणि हुंगले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

भीमा खोऱ्यात ‘चिलापी’ म्हणून ओळखला जाणारा तिलापिया याच सिक्लिड कुळातला. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. नाइल तिलापिया नंतर आला. विणीच्या काळात मोझांबिक तिलापियाचा नर काळा पडतो आणि त्याचा गळा पांढरा दिसतो. नाइल तिलापियाच्या अंगावर तांबूस छटा व शेपटीवर उभे पट्टे असतात. दोघेही तळाशी वाटीसारखे खळगे करून मादीला बोलावतात, दोघांच्याही माद्या अंडी तोंडात धरून उबवितात. या दोघांचा संकर सहज होतो आणि संततीही प्रजननक्षम असते. दक्षिण आफ्रिकेतील लिंपोपो नदीत नाइल तिलापियाशी होणाऱ्या संकरामुळे मोझांबिक तिलापियाचे मूळ वाणच धोक्यात आले आहे. आपल्याकडे आगंतुक ठरलेला हा मासा स्वतःच्या घरी मात्र संकटात आहे.

अंड्याचा दरवाजा

आतापर्यंतची सारी कुंपणे अंड्याबाहेरची. शेवटचा पहारा खुद्द अंड्यावर असतो. माशाच्या अंड्याला टणक वेष्टन असते आणि त्यात शुक्रजंतू आत जाण्यापुरते एकच सूक्ष्म छिद्र असते. आत पोचलेल्या शुक्रजंतूची ओळख अंड्याच्या पृष्ठभागावरील प्रथिने पटवतात. व्हिएन्नातील संशोधकांनी २०१८ मध्ये झेब्राफिशच्या अंड्यावर असे एक प्रथिन शोधून काढले आणि त्याला दारावरच्या पहारेकऱ्यावरून ‘बाउन्सर’ असे नाव दिले. झेब्राफिशच्या अंड्यावर जपानी मेडाका माशाचे ‘बाउन्सर’ बसविले, तेव्हा मेडाकाचे शुक्रजंतू त्या अंड्यात शिरू शकले. या दोन माशांचे पूर्वज दहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले आहेत. असे मिश्र भ्रूण अर्थातच प्रौढावस्थेपर्यंत पोचले नाहीत.

तेथेच शेवटचे कुंपण लागते: संकर झाला तरी पिल्लू जगत नाही, किंवा जगले तरी त्याला पुढे संतती होत नाही. दूरच्या नात्यात हे कुंपण मजबूत असते. जवळच्या नात्यात ते जवळजवळ नसतेच, आणि आपल्याकडची खरी गुंतागुंत येथून सुरू होते. रोहू, कटला आणि मृगळ या तिघांच्याही पेशींत ५० गुणसूत्रे असतात. महसिराच्या निरनिराळ्या जातींत ती १०० असतात. आकडा जुळतो, रचना जुळते; त्यामुळे या जातींचे संकर जगतात आणि पुढे वाढूही शकतात. नदीत त्यांना वेगळे ठेवणारी कुंपणे बहुतांशी बाहेरची, म्हणजे जागेची, वेळेची आणि निवडीची असतात. ती नदीने घातलेली आहेत. माशाला नदीतून बाहेर काढले की ती गळून पडतात.

पिचकारी आणि हौद

हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. भारतीय मत्स्यशेतीचा पाया या घटनेने घातला. तोपर्यंत पुराच्या वेळी नदीतून मत्स्यबीज गोळा करावे लागे आणि त्यात नको असलेल्या जातीही येत. हा दिवस देशात मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो योग्यच आहे. आज पवना, उजनी यांसारख्या जलाशयांत सोडली जाणारी रोहू-कटल्याची बोटुकली याच तंत्राची देणगी होय. हे मासे मूळचे गंगेच्या व उत्तरेकडील नद्यांच्या खोऱ्यांतले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मात्र संप्रेरकाची सुई वेळेचे कुंपण पुसून टाकते आणि हौद जागेचे. काही मत्स्यबीज केंद्रांत जागा व खर्च वाचविण्यासाठी दोन-तीन जातींचे नर-मादी एकाच गोल हौदात सोडले जातात. फिरत्या पाण्यात सर्वांची अंडी आणि शुक्ररस मिसळतात. रोहू-कटला संकर काहींनी मुद्दामही केला. कारण कटल्याचे मोठे डोके टळते आणि मांस अधिक मिळते. खाण्यासाठी वाढवून विकले, तर त्यात बिघडण्यासारखे काही नाही. बिघडते ते असे संकरित मासे पुढील पिढीचे जनक म्हणून वापरल्यावर किंवा जलाशयात सोडल्यावर. दोन-तीन पिढ्यांनंतर बाहेरून रोहू दिसणारा मासा आतून कोण आहे, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यासाठी डीएनए तपासावा लागतो. शेततळ्यासाठी बीज घेणाऱ्या शेतकऱ्यालाही याची झळ बसते. तळ्याच्या वरच्या, मधल्या व तळाच्या थरातील खाद्य वापरण्यासाठी तो तीन जाती सोडतो. संकरित मासे धड एका थरात चरत नाहीत आणि हिशेब चुकतो.

आफ्रिकन मागूर हे आणखी एक उदाहरण. देशात त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली, ती मुख्यतः तो इतर मासे फस्त करतो म्हणून. थायलंडमध्ये मात्र त्याचा तेथील मागुराशी संकर करून व्यापारी शेती झाली आणि त्याची जनुके रानातील मूळ माशांत उतरलेली आढळली.

लोणावळ्याचा खडस कावेरीत

साइक्स यांनी वर्णन केलेला खुद्री म्हणजे दख्खनी महसीर, आपला खडस. देहू-आळंदीचे भाविक त्याला देवमासा मानून पीठ घालतात. अशा श्रद्धेमुळे काही डोहांत तो पिढ्यान्‌पिढ्या सुरक्षित राहिला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची संख्या घटल्याचे लक्षात आल्यावर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्यात वळवणच्या पाण्यावर महसीर संवर्धन केंद्र उभे केले. महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्यात अधिकारी राहिलेले, ‘खवलचोर’ या माशाला शास्त्रीय नावात मराठी शब्द देणारे डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांचा त्या कामात मोठा वाटा होता. महसिराची अंडी पक्व करणे, ती उबविणे, बोटुकली वाढविणे हे अवघड तंत्र तेथे साध्य झाले आणि तेथील लाखो बोटुकली देशातील निरनिराळ्या राज्यांना देण्यात आली. नामशेष होऊ पाहणारा मासा वाचविण्याचे हे काम अनुकरणीयच मानले गेले. हिमालयातील सोनेरी महसीरही लोणावळ्यात आणला गेला होता आणि दोन जातींचे संकरही तेथे तयार करण्यात आले. त्या काळात मत्स्यशास्त्रज्ञांना यात वावगे वाटत नसे.

या बोटुकलींपैकी काही कर्नाटकात कावेरी नदीत सोडली गेली. कावेरीत त्या नदीचाच एक प्रचंड महसीर होता. पाठीवर कुबड असलेला, पन्नास किलोंच्या घरात जाणारा. गळाने मासे धरून परत सोडणाऱ्या शौकिनांच्या शिबिरांतील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा निळसर परांचा खडस झपाट्याने वाढलेला आणि कुबडा महसीर जवळजवळ दिसेनासा झालेला आढळला. यामागे स्पर्धा आणि संकर अशा दोन्ही शक्यता मांडण्यात आल्या.

यातील विचित्र बाब अशी की, हे घडत होते तेव्हा त्या कुबड्या माशाला स्वतःचे शास्त्रीय नावच नव्हते. पुस्तकांत त्याला साइक्स यांनी शिरूरजवळ घोड नदीतून वर्णिलेल्या ‘मुसुल्ला’ या माशाचे नाव चुकून लावले गेले होते. मुसुल्ला महसीर नव्हेच, हे २०१३ मध्ये दाखविण्यात आले. कावेरीचा मासा म्हणजे ‘टॉर रेमादेवी’ असे २०१८ मध्ये निश्चित झाले आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून केली. दख्खनी खडस मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून त्याच सुमारास बाहेर आला. एका नदीच्या माशाला वाचविण्याचे काम दुसऱ्या नदीच्या माशाला महाग पडले. हेतू चांगला होता. परंतु लोणावळा आणि कावेरी यांच्यामधले शेकडो किलोमीटरचे अंतर हेच त्या दोन जातींमधले कुंपण होते, आणि ते ट्रकने ओलांडले गेले.

महसिराची बोटुकली त्याच नदीखोऱ्यात सोडावीत आणि जनक मासे जनुकीय तपासणी करूनच निवडावेत, असा आग्रह आता अभ्यासक धरतात. रोहू-कटल्याच्या बाबतीत प्रत्येक जातीसाठी वेगळा हौद व वेगळी नोंदवही ठेवणे, हा साधा उपाय आहे. घरच्या काचपेटीतील नकोसे झालेले मासे घाटावरून नदीत सोडण्याची पद्धतही थांबायला हवी.

इंद्रायणीत आजही पन्नासहून अधिक जातींचे मासे आढळल्याची नोंद पुण्यातील अभ्यासकांनी २०१२ मध्ये केली होती. ही विविधता प्रामुख्याने वरच्या, मावळातील पात्रात आहे. औद्योगिक पट्ट्यातून पुढे जाताना ती घटत जाते आणि चिलापीसारखे सोशिक मासे उरतात. चाकणच्या बाजूने साइक्स यांनी नोंदविलेला शिंगाचा नुक्ता हा कृष्णा-भीमेच्या प्रणालीबाहेर जगात कोठेही नाही. त्याची गणना संकटग्रस्त जातींत होते.